परग्रहाचा सातबारा

कोजागिरीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे अकरा. रक्कम एकशे एकोणपन्नास रुपये, ॲपची महिन्याची वर्गणी. त्यांतले पंचाहत्तर पुंडलिकराव इंगोल्यांचे, चौऱ्याहत्तर माझे. टीव्ही त्यांचा, म्हणून जास्तीचा रुपया त्यांच्याकडे. हजर: पुंडलिकराव, त्यांच्या पत्नी वत्सलावहिनी, मी, आणि जऊळक्याहून फोनवर पुंडलिकरावांची थोरली बहीण गोदाबाई. कारण: परग्रहावर वस्ती करणाऱ्या माणसांच्या मालिकेतला चौथ्या सीझनचा शेवटचा भाग.

ही नोंद माझी नाही. मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे, असं लिहायची सवय मलाही आहे. पण ही नोंद पुंडलिकरावांच्या हिरव्या पुठ्ठ्याच्या रजिस्टरातली, पान एकशे बारा; 'मी' आणि 'माझे' एवढेच शब्द माझे. लोक मालिका बघतात. पुंडलिकराव मालिकेचं दप्तर ठेवतात. त्या परग्रहाचा त्यांनी सातबारा काढला आहे.

मी थट्टा करत नाही. तो सातबारा मी हातात घेऊन तपासला आहे. गावाचं नाव 'वसाहत'. मालिकेचं नाव खरं तर इंग्रजी आहे, पण आम्ही ती हिंदीत ऐकतो आणि तिला वसाहतच म्हणतो. गट क्रमांक एक ते चौदा. भोगवटादार: कप्तान व इतर दहा. पिकाच्या रकान्यात 'निळ्या पानाचे अज्ञात पीक, जिरायत'. सिंचनाचं साधन: 'नाही'. शेरा: 'दोन चंद्र असल्याने रात्री काम करता येते.' मालिकेतला कोणी मेला की त्याच दिवशी फेरफार. वारस असेल तर वारसाचं नाव. नसेल तर 'सरकारजमा'. सरकार कोणतं, असं मी एकदा विचारलं.

"तेच तं आजून ठरलं नाई," पुंडलिकराव म्हणाले. "म्हनून पेन्सिलीनं लिहिलं."

पुंडलिकराव चौतीस वर्षं सरकारी भूमापक होते. जिल्ह्यातले किती धुरे, म्हणजे शेतांचे बांध, त्यांनी साखळीने मोजले असतील याची त्यांच्याकडे नोंद आहे, पण ती ते सांगत नाहीत. पक्षकारांची खाजगी बाब आहे म्हणतात. वाशीमला आम्ही त्यांच्या शेजारी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला ते आले, नीट जेवले, तोंडात सुपारी धरून एक डोळा बारीक केला आणि कुंपणाच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "भाऊ, भिंत चार बोटं गल्लीत गेली तुमची."

दुसऱ्या दिवशी मी टेप लावली. सव्वातीन इंच. चार बोटं तेवढीच होतात. मला राग यायच्या आत त्यांनी मला त्यांच्या घरी नेलं आणि दाराची पहिली पायरी दाखवली. ती पुढून तासलेली होती. "आमची पाच बोटं होती," म्हणाले. त्या पायरीवर पाहुणे आजही अडखळतात, आणि वहिनी आतून ओरडतात, "पायरी कायद्यात हाय, पाय सांभाळा!" माझी भिंत मी मागे घेतली. खर्च इथे लिहीत नाही.

त्यांचे दोन प्रश्न ठरलेले आहेत. कोणी काही बातमी आणली की, "तुमी मोक्यावर होते काय?" मोका म्हणजे प्रत्यक्ष जागा. मोक्यावर नसलेल्या माणसाचं ते ऐकून घेतात, पण मानत नाहीत. आणि दुसरा, "चतुःसीमा सांगा." कोणत्याही भांडणात पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण हे कळल्याशिवाय ते मत देत नाहीत. एकदा पोटात दुखायला लागलं म्हणून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कुठे दुखतंय? पुंडलिकराव टेबलावर आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "उत्तरेस बरगडी, दक्षिणेस बेंबी, पूर्वेस मोकळं, पश्चिमेस यकृत." डॉक्टरांनी त्याप्रमाणे हात ठेवला आणि ते ओरडले. पित्ताशयात खडा निघाला. जागा बरोबर होती.

असा माणूस अंतराळाच्या मालिकेकडे वळला तो अपघाताने. निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलाने नवा टीव्ही बसवून दिला, आणि चाळता चाळता एक दृश्य लागलं. यान परग्रहावर उतरलेलं, कप्तान झेंडा रोवतो आणि म्हणतो, आजसे ये ज़मीन हमारी है. पुंडलिकराव खुर्चीतून उठून उभे राहिले. "कोनं सांगतलं?" त्यांनी पडद्याला विचारलं. "मोजनी कोनं केली?" चित्र थांबवलं, शाळेच्या दुकानातून आलेखाची वही आणली, आणि पहिल्या भागापासून बसले.

नकाशा त्यांनी कप्तानाच्या चालण्यावरून काढला. छावणीपासून टेकडीपर्यंत त्याला दोन तास लागतात. माणूस तासाला चार किलोमीटर चालतो. बूट जड, म्हणून साडेतीन. तेव्हा टेकडी सात किलोमीटरवर. दुसऱ्या सीझनमध्ये ती टेकडी छावणीच्या पश्चिमेला होती आणि तिसऱ्यात पूर्वेला गेली. आठ दिवस त्यांना झोप लागली नाही. मी म्हटलं, भाऊ, ते लोक स्टुडिओत पडदे लावतात. "असं कसं?" म्हणाले. "उद्या कोनाच्या वावरात टेकडी येऊन बसन, त्यानं कोनाकडे जावं?"

पण गोदाबाईंना टेकडीशी घेणं नव्हतं. त्यांना कप्तानाच्या बहिणीचं पडलं होतं.

ही गोष्ट आधी सांगतो. पहिल्या सीझनमध्ये यानातली हवा कमी पडते. सगळ्यांनी जागं राहिलं तर कोणीच पोचणार नाही. तेव्हा कप्तानाची बहीण आपल्या वाट्याची हवा भावाला देते, एका काचेच्या पाटीवर बोटाने सही करते आणि काचेच्या पेटीत झोपते. कप्तान त्याच पाटीवर तिला लिहून शब्द देतो: जमीन मिळाली की तुला उठवीन, अर्धी तुझी. तेव्हापासून ती बाई झोपलेली आहे. गोदाबाईंनी हे प्रथम ऐकलं ते एका राखीला, पुंडलिकराव जऊळक्याला गेले होते तेव्हा. हातातली राखी तशीच धरून त्यांनी विचारलं, "मंग? उठली काय ते?"

"नाई आजून. उठन."

"मले दाखव."

आता इथे मला दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मी तिचा साक्षीदार आहे. क्रमांक दोन.

सहा वर्षांपूर्वी पुंडलिकरावांच्या आई वारल्या. शिरपूरजवळ वडिलांचं वावर, साडेतीन एकर. कागदावर एक हेक्टर चाळीस आर. सातबाऱ्यावर भाऊबहीण दोघांची नावं लागली. मग आपल्याकडे होतं तेच झालं. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलं, भावाने साडीचोळी केली, सगळे एका पंगतीला जेवले. कचेरीत कारकुनाने विचारलं होतं, "आजी, स्वखुशीनं देता ना?" गोदाबाई म्हणाल्या, "मले माह्यं माहेर राहू दे, बापा, बाकी काई नाई पाह्यजे." बहिणीने जमिनीत वाटा ठेवला की माहेर तुटतं, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बेकायदेशीर काहीच नव्हतं. मी सगळी पानं वाचून सही केली.

त्यानंतर गोदाबाईंचं वाशीमला येणं कमी झालं. भांडण नाही. गुडघे दुखतात म्हणायच्या. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "दोघं बोलतात तं अशे बोलतात, जसे बस स्टँडवर भेटले." मग ही मालिका आली. दर रविवारी अकराला पुंडलिकराव फोन लावायचे, गोदाबाईंची सून तिकडे टीव्ही सुरू करून द्यायची, आणि तासभर बहीणभाऊ एकत्र बसायचे. तो तास गेला असता तर त्यांच्यात काही उरलं नसतं. हे वहिनींना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पुंडलिकरावांनाही असणार, पण ते बोलायचे फक्त यानाबद्दल.

आता फोनवर एकत्र बघण्याची पद्धत. आमचा फोन स्पीकर लावून स्टीलच्या पेल्यात उभा ठेवायचा, म्हणजे आवाज भरून येतो. पुंडलिकराव मोजायचे, "एक, दोन, तीन, दाब!" इकडे ते दाबत, तिकडे सून दाबे. पण आमच्या गल्लीतलं इंटरनेट सुरुवातीला गोल फिरत बसतं, जऊळक्याचं फिरत नाही. त्यामुळे गोदाबाई आमच्यापेक्षा नेहमी पुढे असायच्या. पुंडलिकरावांनी घड्याळ लावून मोजलं: नऊ सेकंद. दुरुस्त करायला मी सुचवलं, पण गोदाबाईंनी नकार दिला. "मी मोठी हाय त्याच्याहून. मले पहिले दिसन."

म्हणून आम्ही चारही सीझन असे पाहिले. पेल्यातून आवाज यायचा, "गेला रे बापा!" आणि नऊ सेकंदांनी कोणीतरी मरायचं. "अवो बाई, हे तं त्याची बायको निंगाली!" आणि आम्ही नऊ सेकंद बायको निघायची वाट बघायचो. जऊळक्याचं घर स्टेशनालगत. गाडी आली की फोनमधून नुसता खडखडाट. तेवढा वेळ दोन्हीकडे चित्र थांबायचं आणि पुंडलिकराव रजिस्टरात लिहायचे, 'गाडीमुळे तहकूब, तीन मिनिटे'. आणि प्रत्येक भाग संपला की गोदाबाईंचा एकच प्रश्न.

"उठली काय ते?"

"उठन, बाई. कप्तानानं लिहून देल्लं हाय. जमीन ताब्यात आली का रीतसर उठन."

शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी पुंडलिकरावांनी गोदाबाईंना फोन करून पक्कं सांगितलं होतं. उद्या वाटप आहे. बाराव्या हिश्शाशिवाय वाटप होऊच शकत नाही. बहिणीला उठवावंच लागेल. फेरफाराचं पान त्यांनी आधीच आखून ठेवलं होतं. तिच्या नावासाठी ओळ मोकळी. या एका नोंदीसाठी पेन्सिल नव्हे, शाईचं पेन.

भाग अडुसष्ट मिनिटांचा. पहिली चाळीस मिनिटं नुसती धामधूम. गोदाबाई रंगात होत्या. "हा तं आपल्या सरपंचासारखाच लबाड हाय," असं एका परग्रहवाल्याबद्दल त्या म्हणाल्या, आणि नऊ सेकंदांनी तो खरोखरच लबाडी करताना सापडला. वहिनींनी चिवडा आणला. पुंडलिकरावांनी हात लावला नाही. एक गाडी गेली, तहकुबी झाली.

पंचावन्नाव्या मिनिटाला कप्तान यानात परत गेला. काचेच्या पेट्यांच्या रांगेतून चालत बहिणीच्या पेटीपाशी आला. काचेवरचं बाष्प पुसलं. तिचा चेहरा दिसला. बाजूला हिरवं बटण. कप्तानाने हात उचलला. पुंडलिकरावांनी पेनाचं टोपण काढलं.

"उठव रे," पेल्यातून गोदाबाई म्हणाल्या. "उठव."

आणि मग पेला गप्प झाला.

मी घड्याळ पाहिलं नाही, पण नऊ सेकंद किती असतात हे मला त्या दिवशी कळलं. पुंडलिकराव पडद्याकडे बघत नव्हते, पेल्याकडे बघत होते. मग पडद्यावर कप्तानाचा हात खाली आला. बटण न दाबता. तो म्हणाला, ती शांत झोपली आहे, खाली फार कष्ट आहेत, तिला कशाला त्रास. त्याने काचेला कपाळ लावलं, एक अश्रू गाळला आणि निघून गेला. खाली जमिनीचे अकरा हिस्से झाले. झोपलेल्या सगळ्या पेट्या घेऊन यान दूर निघून गेलं. गाणं लागलं.

"नोटीस?" पुंडलिकराव उठले. "नोटीस काढली काय यानं? हितसंबंधिताले नोटीस नाई, पंचनामा नाई, अन वाटप? अकरा हिस्से कोन्या आधारानं?"

"अवो, खोटं हाय ते सगळं," वहिनी म्हणाल्या. "बसा खाली."

"खोटं कसं? चार सीझनचं रेकॉर्ड हाय माह्याजवळ! झोपला म्हनून वारसाचा हक्क जात नसते. लिहून देल्लं होतं त्यानं! अन म्हनते, तिले कष्ट होतीन. कष्ट! इचारलं काय तिले? उठवून इचारलं काय?"

मी त्यांना चौदा वर्षं ओळखतो. त्यांचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. धुऱ्यावर कुऱ्हाडी निघाल्या तरी हा माणूस टेप गुंडाळत राहायचा, असं लोक सांगतात. तेवढ्यात पेल्यातून गोदाबाई बोलल्या. अगदी सावकाश.

"पुंडलिक, कायले रागावतं? सही केली होती न तिनं."

पुंडलिकरावांनी हातातलं उघडं पेन रजिस्टरावर ठेवलं.

"बरोबर केलं त्यानं," गोदाबाई म्हणाल्या. "ठेवतो मी. भाजी करपून राह्यली."

गाणं संपलं. नावं वर सरकत गेली. शाईच्या पेनाचं टोपण कोणी लावलं नाही. चिवड्याची ताटली वहिनींनी उचलून नेली.

पुढच्या रविवारी अकराला पुंडलिकरावांनी फोन लावला. मालिका नव्हती, तरी लावला. उचलला गेला नाही. साडेअकराला, बाराला. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. सुनेच्या फोनवर लावला, तर ती म्हणाली, आत्या वावरात गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाली, आत्या देवळात गेल्या. "इतकं देऊळ कधीपासून?" पुंडलिकराव वहिनींना म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. टेबलावर तीन प्रतींत अर्ज. प्रति, माननीय निर्माते, परदेश. विषय: मौजे वसाहत येथील गट क्रमांक एक ते चौदाच्या वाटपास हरकत घेणेबाबत.

"आकडे तपासा," म्हणाले. "तुमची नजर चांगली हाय."

अर्ज पाहण्यासारखा होता. चारही सीझनचे दाखले, भागांचे क्रमांक, मिनिटं, सेकंदं. कप्तानाचा शब्द जसाच्या तसा. त्यापुढे मागणी: सबब, झोपेत असलेल्या भगिनीस जागे करून तिच्या हिश्श्याचे क्षेत्र तिच्या नावे करून मिळावे. आणि क्षेत्र.

मी तिथे थांबलो. मौजे वसाहतीचं एकूण क्षेत्र दोनशे बावन्न हेक्टर. हे त्यांच्याच सातबाऱ्यावर आहे. भागिले बारा, एकवीस हेक्टर. मी मनात केलं, मग कागदावर केलं. अर्जात लिहिलं होतं: शून्य हेक्टर सत्तर आर. दुसरी प्रत पाहिली, तिसरी पाहिली. तिन्हींत तेच, त्यांच्या स्वच्छ अक्षरात.

"भाऊ, आकडा चुकला," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला तो आकडा कुठला ते कळलं. एक हेक्टर चाळीस आर भागिले दोन. ज्या कागदावर मी साक्षीदार होतो, त्यातल्या क्षेत्राचा अर्धा.

पुंडलिकरावांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. बोट ठेवून वाचलं. चौतीस वर्षांत त्यांच्या कागदावर कोणी खाडाखोड दाखवलेली नाही. मी खिशातून पेन काढलं.

"खोडू नका," ते म्हणाले.

त्यांनी तिन्ही प्रती एकावर एक लावून बाजूला ठेवल्या. मग विचारलं, "टेप धरता येते काय तुमाले?"

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही जऊळक्याला उतरलो. बरोबर वहिनींनी बांधून दिलेले धपाटे. गोदाबाई अंगणात गहू निवडत होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, हाडाने काटक, नजर धारदार. भावाला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"ये. आज कायचा नकाशा काढाले आला?"

"फोन काहून उचलत नाई?"

"मालिका संपली न. आता कायले फोन?"

"म्हंजे मी मालिकेपुरता होतो काय?"

"मी होतो काय?" गोदाबाईंनी विचारलं.

पुंडलिकराव खाटेवर बसले. पिशवीतून कागद काढला. उगाच प्रस्तावना करणं त्यांना जमत नाही. "बाई, पावनेदोन एकर तुह्ये. बक्षीसपत्र करून देतो. वत्सलेले मंजूर हाय, पोरालेही फोनवर सांगतलं."

गोदाबाई माझ्याकडे वळल्या. "टीव्हीनं डोकं फिरलं याचं. तुमी शेजारी हा न? लक्ष ठेवत जा." मग भावाला म्हणाल्या, "एकाहत्तर वय माह्यं. वावर घेऊन काय करू मी?"

"सातबाऱ्यात वयाचा रकाना नाई."

त्या हसल्या. मग हसू थांबलं. सुपातले खडे त्यांनी एकेक करून बाजूला काढले. "माह्यं माहेर जाईन, पुंडलिक," त्या म्हणाल्या. "लोक म्हनतीन, म्हातारपनी भावाजवळून वावर काढलं. तुह्या दारात कोन्या तोंडानं येऊ मी?"

मला वाटलं, आता हे कलम सांगतील. त्यांना सगळी कलमं पाठ आहेत. पुंडलिकराव उठून बहिणीसमोर उकिडवे बसले.

"तुह्या माहेरच्या चतुःसीमा सांगतो, बाई," ते म्हणाले. "पूर्वेस मी. पश्चिमेस मी. उत्तरेस मी, दक्षिणेस मीच. कोन काढते तुले तिथून?"

स्टेशनात गाडी शिरली. खडखडाटात गोदाबाई काहीतरी बोलल्या, ते ऐकू आलं नाही. पण पदराने डोळे पुसून त्या उठल्या, आणि गाडी गेल्यावर म्हणाल्या, "चपला घालू दे. वावरात जाचं हाय न?"

शिरपूरला पोचेपर्यंत एक वाजला. सोयाबीन निघालेलं, वावर मोकळं. चौतीस वर्षं दुसऱ्यांची वावरं मोजणाऱ्या त्या माणसाने आपलं वावर कधीच मोजलं नव्हतं. ही मोजणी खाजगी, सरकारी मोजणीचा अर्ज नंतर रीतसर करू, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. गोदाबाई धुऱ्यावर छत्री घेऊन उभ्या.

"अरे, इतकं कायले इकडं सरकतं? विहीर तुह्याकडे राहू दे!"

"मोजनीत पक्षकारानं बोलू नाई."

"पक्षकार कोनाले म्हनतं? तुले कडेवर घेऊन याच धुऱ्यानं आनत होतो मी!"

"मंग तेव्हाच सांगाचं होतं, विहीर कोनाची ते." त्यांनी खुणेचा दगड रोवला. रेघ विहिरीच्या बरोबर मध्यातून गेली. विहीर सामायिक. मी टेप वाचली, त्यांनी वाचली, पुन्हा मी वाचली. फरक निघाला नाही. धपाटे विहिरीवर बसून खाल्ले. गोदाबाई आपल्या बाजूला बसल्या, मग उठून भावाच्या बाजूला येऊन बसल्या, कारण तिकडे सावली होती.

बक्षीसपत्राची नोंदणी पंधरा दिवसांनी वाशीमला झाली. मुद्रांक आणि नोंदणीची फी पुंडलिकरावांनी भरली, पावत्या माझ्याकडे तपासायला दिल्या, बरोबर होत्या. साक्षीदार क्रमांक दोन पुन्हा मीच. या वेळी कारकुनाने विचारलं, "आजी, तुम्हाला मान्य आहे ना?" गोदाबाईंनी कागद हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मागे सात-आठ माणसं खोळंबली. पुंडलिकराव त्यांना म्हणाले, "वाचू द्या." मग गोदाबाईंनी सही केली.

बाहेर आल्यावर आम्ही तिघं घरी जायला ऑटोत बसलो. वहिनींनी पुरण घातलं होतं, आणि गोदाबाई चार दिवस राहणार होत्या. पिशवीवरून तरी आठ वाटत होते. दाराशी ऑटो थांबला. भाडं सत्तर रुपये. पुंडलिकरावांनी पाकीट काढलं. गोदाबाईंनी त्यांचा हात बाजूला सारला, कमरेची पिशवी सोडली, पन्नासची एक आणि दहाच्या दोन नोटा मोजून ऑटोवाल्याच्या हातात दिल्या.

"ठेव तुह्ये," त्या भावाला म्हणाल्या. "आज काम माह्यं होतं."